ला मासिया

ला मासिया ही स्पेनमधील एफ.सी. बार्सेलोना या व्यावसायिक फुटबॉल क्लबची युवा प्रशिक्षण अकादमी आहे. बार्सिलोना शहराबाहेरून आलेल्या होतकरू खेळाडूंचे वसतिगृह म्हणून 20 ऑक्टोबर 1979 रोजी तिची सुरुवात झाली. पुढे हे नाव केवळ वसतिगृहापुरते न राहता क्लबच्या संपूर्ण युवा प्रशिक्षण व्यवस्थेसाठी रूढ झाले. लिओनेल मेस्सी, झावी, आंद्रेस इनिएस्ता, पेप ग्वार्डियोला, आयताना बोनमाती आणि लामिन यमाल हे या अकादमीतून पुढे आलेले प्रमुख खेळाडू होत.

नाव व वास्तू

कॅटलान भाषेत ‘मासिया’ म्हणजे शेतावरील जुन्या धाटणीचे दगडी घर. अकादमीची मूळ वास्तू 1702 साली बांधलेले असेच एक घर असून ती ‘कान प्लानेस’ या नावाने ओळखली जात असे. ती शहराच्या लेस कोर्त्स भागात, क्लबच्या कॅम्प नोऊ मैदानाला लागून आहे. 1957 मध्ये खुल्या झालेल्या या मैदानाचे बांधकाम चालू असताना वास्तुविशारदांनी तिचा कार्यशाळा म्हणून वापर केला. दुरुस्तीनंतर 1966 मध्ये तेथे क्लबचे कार्यालय सुरू झाले. जोसेप लुईस नुन्येझ अध्यक्ष असताना 1979 मध्ये तिचे वसतिगृहात रूपांतर करण्यात आले.

जुनी वास्तू 2011 च्या जूनअखेरीस वसतिगृह म्हणून बंद झाली. त्याच वर्षी सांत जोआन देस्पी येथील जोआन गॅम्पर क्रीडासंकुलात नवी इमारत सुरू झाली. अनेक वर्षे क्लबसाठी बालखेळाडूंची पारख करणाऱ्या ओरिओल तोर्त यांचे नाव तिला देण्यात आले आहे.

इतिहास

वसतिगृह सुरू होण्यापूर्वीच क्लबच्या युवा विभागात वैचारिक बदलाला आरंभ झाला होता. 1970 च्या दशकात युवा विभागाची जबाबदारी सांभाळणारे लॉरेआनो रुईझ यांनी उंची व शारीरिक ताकद यांपेक्षा चेंडूवरील नियंत्रण आणि खेळाची समज यांना प्राधान्य दिले. 1.80 मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना दारातूनच परत पाठवण्यास सांगणारी एक पाटी युवा विभागात लावलेली होती व ती त्यांनी काढून टाकली, असे सांगितले जाते.

1988 मध्ये नेदरलँड्सचे योहान क्रायफ मुख्य संघाचे प्रशिक्षक झाले. मुख्य संघ ज्या पद्धतीने खेळतो त्याच पद्धतीने सर्व वयोगटांतील संघांनी खेळावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे वरच्या गटात गेलेल्या मुलाला नव्याने डावपेच शिकावे लागत नसत. वयाच्या तेराव्या वर्षी अकादमीत दाखल झालेले ग्वार्डियोला क्रायफ यांच्या संघात मध्यफळीचा आधार बनले. 2008 मध्ये ते स्वतः मुख्य संघाचे प्रशिक्षक झाले आणि सेर्जिओ बुस्केट्स व पेद्रो या अकादमीतील खेळाडूंना त्यांनी मुख्य संघात स्थिर केले.

पुढील काही वर्षे अकादमीच्या यशाचा कळस मानली जातात. मे 2009 मध्ये रोम येथे मँचेस्टर युनायटेडविरुद्ध जिंकलेल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात सुरुवातीच्या अकरापैकी सात खेळाडू अकादमीतील होते. 2010 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनच्या सुरुवातीच्या संघात असे सहा खेळाडू होते. या सामन्यातील एकमेव गोल इनिएस्ताने केला. त्याला चेंडू देणारा बदली खेळाडू सेस्क फाब्रेगास हाही याच अकादमीत घडला होता. 2010 च्या बॅलन डी’ओर पुरस्काराचे अंतिम तिन्ही दावेदार, मेस्सी, इनिएस्ता व झावी, ला मासियातील होते. 25 नोव्हेंबर 2012 रोजी लेवान्तेविरुद्धच्या लीग सामन्यात दानी आल्वेस जखमी होऊन मार्तिन मोंतोया मैदानात उतरला, तेव्हा बार्सेलोनाचे अकराही खेळाडू अकादमीत शिकलेले होते.

प्रशिक्षण पद्धती

अकादमीत मुलांची विभागणी वयानुसार होते. प्रीबेंजामिन, बेंजामिन, अलेविन, इन्फान्तिल, कादेते आणि जुवेनिल या गटांनंतर बार्सेलोना अत्लेतिक हा क्लबचा दुय्यम संघ असतो. हा संघ स्पेनच्या व्यावसायिक व प्रौढ स्पर्धांच्या साखळीतच खेळतो. त्यामुळे तरुण खेळाडूंना समवयस्कांऐवजी अनुभवी प्रतिस्पर्ध्यांशी सामना करावा लागतो.

‘रोंदो’ हा येथील पायाभूत सराव आहे. त्यात काही खेळाडू वर्तुळात उभे राहून एकमेकांना चेंडू देतात आणि मधले एक-दोन खेळाडू तो हिसकावण्याचा प्रयत्न करतात. जागा अपुरी आणि वेळ क्षणाचा असल्याने चेंडू पायाशी येण्यापूर्वीच तो कोणाला द्यायचा हे ठरवावे लागते. सामन्यात प्रामुख्याने 4-3-3 अशी रचना वापरली जाते. चेंडू जास्तीत जास्त काळ आपल्याकडे ठेवणे आणि तो गमावल्यास लगेच परत मिळवणे ही दोन तत्त्वे लहान वयापासून बिंबवली जातात.

निवास व शिक्षण

अकादमीतील सर्वच मुले वसतिगृहात राहत नाहीत. जवळपासची मुले घरूनच सरावाला येतात. बाहेरगावच्या मुलांची राहण्याची सोय क्लब करतो. फुटबॉलबरोबरच बास्केटबॉल, हँडबॉल यांसारख्या अन्य विभागांतील खेळाडूही तेथे राहतात. शालेय शिक्षण सर्वांना पूर्ण करावे लागते. अकादमीत आलेल्यांपैकी बहुतेक मुले मुख्य संघापर्यंत पोहोचत नाहीत, हे यामागील प्रमुख कारण आहे. अनेकांना दरवर्षीच्या निवडीत बाहेर पडावे लागते. काही जण अन्य क्लबांमधून व्यावसायिक खेळाडू होतात, तर काहींना दुसरा मार्ग शोधावा लागतो.

घरापासून दूर राहणे हीदेखील मुलांची मोठी परीक्षा असते. अल्बासेते प्रांतातील फुएन्तेआल्बिया या गावातून 1996 मध्ये बाराव्या वर्षी आलेल्या इनिएस्ताने सुरुवातीचे दिवस अतिशय कठीण गेल्याचे पुढे सांगितले आहे. अर्जेंटिनातील रोसारियोहून 2000 मध्ये आलेला मेस्सी तेरा वर्षांचा होता. त्याच्या शरीरात वाढीच्या संप्रेरकाची कमतरता होती व उपचारांचा खर्च उचलण्याची तयारी क्लबने दर्शवली. त्याला घेण्याचे पहिले लेखी आश्वासन कार्लेस रेशाक यांनी डिसेंबर 2000 मध्ये कागदी रुमालावर दिले होते.

महिला विभाग

2021 पासून महिला खेळाडूंनाही वसतिगृहात प्रवेश मिळू लागला. त्यापूर्वीही मुलींचे संघ क्लबच्या युवा विभागाचा भाग होते. अशाच संघांमधून पुढे आलेल्या आयताना बोनमातीने 2023, 2024 व 2025 असे सलग तीन वर्षे महिलांचा बॅलन डी’ओर पुरस्कार पटकावला.

वाद व टीका

फिफाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालील खेळाडूचे एका देशातून दुसऱ्या देशात हस्तांतरण करता येत नाही. पालकांनी फुटबॉलशी संबंधित नसलेल्या कारणासाठी स्थलांतर केले असल्यास, तसेच अन्य मोजक्या परिस्थितींत, त्याला अपवाद केला जातो. 2009 ते 2013 या काळात परदेशी अल्पवयीन खेळाडूंच्या बाबतीत हा नियम मोडल्याबद्दल फिफाने एप्रिल 2014 मध्ये बार्सेलोनाला दंड ठोठावला व दोन हस्तांतरण हंगामांची बंदी घातली. क्रीडा लवादाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ही शिक्षा कायम ठेवली. क्लबने आपली अकादमी मुलांच्या शिक्षणाची व आरोग्याची काळजी घेते, असा बचाव केला होता. मात्र नियमाचा उद्देश परदेशी मुलांच्या व्यापाराला आळा घालण्याचा असल्याने तो सर्व क्लबांना सारखाच लागू ठरला. या निर्णयाची झळ मुलांनाही बसली. दक्षिण कोरियाच्या ली सेउंग-वू याला दीर्घकाळ अधिकृत सामने खेळता आले नाहीत आणि जपानचा ताकेफुसा कुबो 2015 मध्ये मायदेशी परतला.

घडवलेले खेळाडू मुख्य संघात येण्यापूर्वीच गमावणे ही दुसरी अडचण होय. फाब्रेगास 2003 मध्ये सोळाव्या वर्षी आर्सेनलकडे, तर जेरार्ड पिके 2004 मध्ये मँचेस्टर युनायटेडकडे गेला. दोघांनाही परत आणण्यासाठी क्लबला पुढे पैसे मोजावे लागले.

अलीकडील काळ

2021 मध्ये आर्थिक अडचणींमुळे मेस्सीला क्लब सोडावा लागला. महागडे खेळाडू विकत घेणे कठीण झाल्याने अकादमीवरील अवलंबित्व पुन्हा वाढले. गावी, अलेहांद्रो बाल्दे, फेर्मिन लोपेझ व पाउ कुबार्सी हे खेळाडू याच काळात पुढे आले. लामिन यमालने एप्रिल 2023 मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी मुख्य संघातून पदार्पण केले. युरो 2024 च्या उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध गोल करून तो या स्पर्धेच्या इतिहासातील सर्वांत तरुण गोल करणारा खेळाडू ठरला. क्लबच्या युवा संघाने युएफा यूथ लीग 2014, 2018 व 2025 अशी तीन वेळा जिंकली आहे.