खंडस्फुटितापासून कृतिसीमेपर्यंत : देखभालीच्या निमित्ताचा विचार

अंबाजोगाई, म्हणजे यादवकालीन आंबे, हे नगर सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याच्या कोरीव लेखांमुळे अभ्यासकांस सुपरिचित आहे. खोलेश्वराची कन्या लक्ष्मी हिने रणात पडलेल्या आपल्या बंधूच्या स्मरणार्थ देवालय बांधल्याचा वृत्तान्त शके ११६२ (इ. स. १२४०) च्या लेखात येतो. अशी वास्तू पुढे राखावयाची कोणी व केव्हा, हा प्रश्न त्या काळीही होताच. दख्खनमधील अनेक दानलेखांत त्याचे उत्तर ‘खंडस्फुटित-जीर्णोद्धार’ या ठरीव शब्दप्रयोगाने दिलेले आढळते. जे मोडले, जे तडकले, त्याच्या दुरुस्तीसाठी भूमीचे उत्पन्न तोडून दिले जाई. पूजा व उत्सव तिथीने बांधलेले असत. दुरुस्ती मात्र वास्तूच्या अवस्थेने बांधलेली असे. तिथी आणि अवस्था या दोन निमित्तांतील हा भेद आधुनिक यंत्रशास्त्रालाही पुन्हा शोधावा लागला, हे येथे दाखवावयाचे आहे.

यंत्रयुगाने प्रथम तिथीचा मार्ग पत्करला. ठरावीक तास भरले की यंत्र उघडावयाचे, असा दंडक पडला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सागरी विमानदलाच्या नोंदी तपासताना वॉडिंग्टन यांना असे दिसले की, ठराविक तपासणीनंतर लगेचच बिघाड वाढतात व मग कमी होत जातात. पुढे १९७८ मध्ये नौलन व हीप यांनी विमानांच्या घटकांविषयीच्या अहवालात दाखवून दिले की, सुमारे ८९ टक्के घटकांच्या बाबतीत वयाची मर्यादा घालून काही साधत नाही. तेव्हा वयाऐवजी अवस्थेची लक्षणे मोजावीत, हा विचार दृढ झाला.

आपल्याकडे या विचाराची खरी कसोटी धरणांवर लागली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले. जलनिर्गम-मार्गावरील भराव खचू लागल्यावर जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. पण लक्षण दिसले तेव्हा उपायाची वेळ टळली होती. २ जुलै २०१९ रोजी चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. तेथे ग्रामस्थांनी गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या, असे वृत्तपत्रांत त्या वेळी प्रसिद्ध झाले. एके ठिकाणी लक्षण उशिरा हाती आले; दुसऱ्या ठिकाणी ते वेळेवर दिसूनही त्याने कोणास बांधले नाही.

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ याने दोन्ही निमित्ते एकत्र आणली आहेत. पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी करणे हे तिथीचे. पूर, भूकंप वा धोक्याचे चिन्ह दिसताच तपासणी करणे हे अवस्थेचे. केंद्रीय जल आयोगाच्या पुढाकाराने सिद्ध झालेल्या ‘धर्मा’ या संगणक-प्रणालीत धरणांच्या आरोग्याची माहिती एकत्र ठेवण्याची सोय आहे. परंतु माहिती साठविणे आणि तिच्यातून आपोआप काम निघणे, या भिन्न गोष्टी होत.

अंबाजोगाईस पाणी पुरविणाऱ्या, धनेगाव येथील मांजरा धरणासारख्या मातीच्या धरणाचा विचार केल्यास हा भेद स्पष्ट होईल. पायथ्याशी येणारा पाझर मोजला जातो. पण त्याचा आकडा एकटा निरर्थक आहे. जलाशय भरला की पाझर वाढणारच. म्हणून कृतिसीमा, म्हणजे जी ओलांडताच काम सुरू व्हावयाचे ती मर्यादा, जलपातळीच्या मानाने ठरवावी लागते. पातळी स्थिर असता पाझर वाढत गेला, तर तो धोक्याचा होय. सीमा दोन असाव्यात : पहिलीवर पुनर्मापन व पाहणी, दुसरीवर तात्काळ उपाय. एकाच वाचनावर विसंबू नये. मापकही बिघडतो, आणि खोट्या इशाऱ्यांनी माणसे खऱ्या इशाऱ्यालाही सरावतात. मात्र पाझर गढूळ आला, तर परिमाण कितीही अल्प असो, थांबू नये. भरावातील माती वाहून जात असल्याचे ते लक्षण आहे. शेवटी, प्रत्येक सीमेस अधिकारी, मुदत व खर्चाची तरतूद जोडलेली असावी.

हा अखेरचा घटकच सर्वांत दुर्बल राहतो. प्रणाली सीमा ओळखील, कार्यादेशही काढील. पण त्या आदेशामागे निधी व उत्तरदायी माणूस आहे, हे ती केवळ गृहीत धरते. उक्त अधिनियमाने देखभालीसाठी पुरेसा निधी राखून ठेवण्याचे बंधन धरणाच्या मालकावर घातले आहे, ते याच कारणाने महत्त्वाचे. जुन्या दानकर्त्यांजवळ मापक नव्हता. तडा डोळ्यांनीच पाहावा लागे. परंतु तडा दिसण्यापूर्वीच दुरुस्तीचे उत्पन्न त्यांनी तोडून ठेवले होते. अंबाजोगाईचे सकलेश्वर मंदिर आज बाराखांबी म्हणून ओळखले जाते. वास्तूची ओळख उरल्या खांबांवरून ठरावी, हे तेथे घडले आहे. धरणाच्या बाबतीत असा अवशेषही लाभत नाही. म्हणून कृतिसीमा ठरविताना आकड्याइतकाच विचार त्या आकड्याने कोण बांधला जातो, याचा झाला पाहिजे.