पोटात पाणी, पण दोष दारूचा नव्हे
प्रतिनिधी

मुंबई : पोट फुगू लागले, पायांवर सूज आली की मानखुर्द-गोवंडीच्या वस्त्यांत पहिला संशय दारूवर जातो, दुसरा क्षयावर. क्षयाचे रुग्ण या भागात मोठ्या संख्येने असल्याने हा संशय निराधार म्हणता येत नाही. मात्र दारूला कधीही न शिवलेल्या तरुण व्यक्तीला जलोदर झाला, तर 'बड-किआरी सिंड्रोम' या दुर्मिळ विकाराचाही विचार व्हायला हवा.

यकृतातील रक्त तीन मोठ्या शिरांवाटे अधोमहाशिरेत व तेथून हृदयाकडे जाते. या शिरांत वा महाशिरेत गुठळी किंवा पडदा तयार झाला की रक्त यकृतातच तुंबते. नाल्याचे तोंड बंद झाल्यावर पाणी वस्तीत शिरावे, तसाच हा प्रकार. यकृत सुजते, उजव्या बरगडीखाली दुखते, पोटात पाणी साचते. महाशीरच बंद असेल, तर पाठीवरही फुगलेल्या शिरा दिसतात. ब्रिटिश वैद्य जॉर्ज बड यांनी १८४५ मध्ये या विकाराचे वर्णन केले. पुढे हान्स किआरी यांचे नाव त्याला जोडले गेले.

गुठळी होण्यामागे बहुधा रक्तातीलच दोष असतो. परळच्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेतील संशोधकांनी २००१ मध्ये पश्चिम भारतातील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 'फॅक्टर फाइव्ह लायडन' हा आनुवंशिक दोष ठळकपणे आढळला. अस्थिमज्जेचे विकार, गर्भारपण व गर्भनिरोधक गोळ्या हीदेखील कारणे आहेत. त्यामुळे तरुण स्त्रियांनी विशेष सावध राहावे.

खरी अडचण निदानाची. सुईने पाणी काढले की रुग्णाला बरे वाटते, आठवड्या-दोन आठवड्यांत पोट पुन्हा भरते. दरम्यान केवळ अंदाजाने क्षयाची औषधे सुरू झाली, तर आधीच दुखावलेल्या यकृताला त्यांचाही त्रास होऊ शकतो. साध्या सोनोग्राफीत शिरांतील प्रवाह पाहिला जातोच असे नाही. त्यासाठी डॉक्टरांनी चिठ्ठीवर यकृताच्या शिरांचा 'कलर डॉप्लर' असे स्पष्ट लिहावे लागते.

अडथळा वेळीच सापडला, तर फुग्याने शीर रुंद करून स्टेंट बसवता येतो. ते न साधल्यास यकृतातून रक्ताला नवा मार्ग काढून देतात ('टिप्स'). प्रत्यारोपण हा शेवटचा उपाय. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र बहुतेकांना कायम घ्याव्या लागतात. वॉरफेरिन सुरू असल्यास ठरावीक काळाने 'आयएनआर' तपासणी आवश्यक असते आणि गर्भधारणेचा विचार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे लागते, कारण हे औषध गर्भाला घातक ठरू शकते.