घटस्फोट झाला, दुसरं लग्न ठरतंय : मधल्या काळात नाव कोणतं लावायचं?

जवाहरनगर : आधारवर पहिल्या नवऱ्याचं नाव, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं आणि रेशन कार्डात नावच नाही. घटस्फोट घेऊन माहेरी आलेल्या कितीतरी ताईंच्या कागदांची अशी गत असते. त्यात दुसरीकडे सोयरीक जुळली की घरात पहिला प्रश्न निघतो, "आधी नाव बदलून घ्यायचं का?" आपल्याकडे स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं नाव, मग आडनाव अशी पद्धत असल्याने हा प्रश्न फक्त आडनावाचा राहत नाही. मधलं नावही बदलावं लागतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. लग्न झालं की बाईने नवऱ्याचं नाव लावलंच पाहिजे, असा कायदा नाही. घटस्फोट झाला की ते आपोआप गळतं, असंही नाही. मुंबई उच्च न्यायालयाने कौटुंबिक न्यायालयांसाठी केलेल्या नियमांत घटस्फोटित स्त्रीला माहेरचं नाव वापरण्याची मोकळीक आहे. लग्नानंतरचं नावही ती वापरू शकते, फक्त फसवणुकीच्या हेतूने वापरायचं नाही. म्हणजे कागदावर जुनं नाव आहे म्हणून दुसरं लग्न अडत नाही. ते अडतं निकालापाशी.

गावात अजूनही शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर पंचांच्या सह्या घेऊन "फारकत" लिहून देतात. नोटरीचा शिक्का बसला की दोन्हीकडच्यांना वाटतं, झालं मोकळं. हिंदू विवाह कायदा 1955 हिंदूंसोबत बौद्ध, जैन आणि शीख समाजालाही लागू आहे, आणि त्यात घटस्फोट कोर्टच देतं. कलम 29 मध्ये समाजाच्या रूढीने होणाऱ्या काडीमोडीला जागा आहे, पण तशी रूढी पूर्वापार चालत आलेली आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि ते सोपं नाही. नुसत्या फारकतनाम्यावर दुसरं लग्न केलं आणि ती रूढी सिद्ध झाली नाही, तर ते लग्न कायद्याने शून्य ठरतं. वर भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. नाव बदलायला गेल्यावरही कोर्टाचा निकालच मागतात.

निकाल हातात आला तरी लगेच अक्षता टाकायच्या नाहीत. अपिलाची मुदत 90 दिवस असते. ती संपली आणि अपील झालेलं नाही, किंवा झालेलं अपील फेटाळलं गेलं, की कलम 15 प्रमाणे दुसऱ्या लग्नाची वाट मोकळी होते. दोघांच्या संमतीने घटस्फोट झाला असेल तर अपिलाचा प्रश्न सहसा येत नाही, तरी तारीख धरण्याआधी वकिलाला विचारलेलं बरं.

आता आधारकडे वळू, कारण खरी गोची तिथे होते. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. समजा, लग्नानंतर सुनीताताईंनी आधारवर सासरचं नाव लावलं. एक संधी गेली. घटस्फोटानंतर माहेरचं नाव लावलं. दुसरी गेली. वर्षभराने दुसरं लग्न झालं आणि नव्या घरच्यांनी "आता आमचं नाव लाव" म्हटलं, की केंद्रावरचा मुलगा सांगतो, मर्यादा संपली. मग राजपत्र, जुनी ओळखपत्रं आणि आधारच्या प्रादेशिक कार्यालयाकडे विशेष विनंती असा लांबचा फेरा सुरू होतो.

म्हणून आधारला हात लावण्याआधी दोन रस्ते नीट बघा. एक म्हणजे माहेरच्या नावावर परत यायचं आणि पुढे दुसरं लग्न झालं तरी तेच ठेवायचं. दुसरा म्हणजे लग्न जवळच ठरलं असेल तर मधल्या काळात आधार तसंच राहू द्यायचं, आणि लग्नाची नोंदणी झाल्यावर निकाल व नवीन विवाह प्रमाणपत्र दाखवून एकदाच बदल करायचा. आमचं मत विचाराल तर पहिला रस्ता बरा. शाळेचा दाखला, मार्कशीट आणि जातीचा दाखला तसेही माहेरच्याच नावाने असतात. पॅन कार्डावरही नवऱ्याचं नाही, वडिलांचंच नाव छापलेलं असतं.

नावबदल पक्का करायचा असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्राचा भाग दोन आहे. अर्ज शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन होतो. गावातल्या सेवा केंद्रातूनही भरता येतो. जुन्या नावाचं ओळखपत्र, फोटो आणि निकालाची प्रत जवळ ठेवा. फॉर्म भरणाऱ्याच्या मागे उभं राहून स्पेलिंग स्वतः वाचा. राजपत्रात एक अक्षर चुकलं की पुढचा प्रत्येक कागद त्याच चुकीने निघतो.

ज्यांची केस अजून कोर्टात चालू आहे त्यांनी वकिलाला सांगून अर्जातच दोन्ही नावं "उर्फ" लावून लिहून घ्यावीत. निकालात दोन्ही नावं आली की ही बाई तीच, हे सिद्ध करायला वेगळं प्रतिज्ञापत्र करत बसावं लागत नाही. निकाल लागल्यावर कोर्टाच्या नक्कल विभागातून साक्षांकित प्रती चार-पाच तरी काढा. झेरॉक्स सगळीकडे चालत नाही.

बाकी कागद त्यामानाने सोपे. रेशन कार्डासाठी सासरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा आणि तहसीलच्या पुरवठा शाखेत माहेरच्या कार्डात जोडून घ्या. मतदार यादीसाठी फॉर्म 8. बँकेचं मात्र आधारसोबतच उरका, कारण लाडकी बहीण योजनेचे पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात. घटस्फोटित महिला त्या योजनेत पात्र आहेत. सातबारावर नाव असलेल्या ताईंनी धान विक्रीच्या नोंदणीआधी सातबारा, आधार आणि पासबुक ही तिन्ही नावं ताडून बघावीत.

जवाहरनगरात एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. इथल्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या जुन्या पेन्शनधारकांच्या घटस्फोटित मुलींना, आईवडिलांच्या पश्चात, कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्यासाठी ती आईवडिलांवर अवलंबून असावी लागते, आणि घटस्फोट किंवा निदान कोर्टातली केस त्यांच्या हयातीत दाखल झालेली असावी लागते. केंद्राचा 19 जुलै 2017 चा आदेश तसाच आहे. वडिलांच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये मुलीचं माहेरचं नाव असतं आणि निकालात सासरचं, तेव्हा वर सांगितलेलं "उर्फ" इथे फार कामी येतं. दुसरं लग्न झालं की हे निवृत्तिवेतन थांबतं, आणि लग्न झाल्याचं कळवावं लागतं. न कळवता पैसे घेत राहिलं तर नंतर वसुली निघते.

लेकरांचं काय? आईचं नाव बदललं म्हणून मुलाच्या नावातलं वडिलांचं नाव बदलत नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नावही लागतं. पहिला नवरा वारल्यावर दुसरं लग्न केलेल्या एका आईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2022 मध्ये सांगितलं की मुलाचं आडनाव ठरवायचा हक्क आईला आहे, आणि कागदावर नव्या नवऱ्याची नोंद "सावत्र वडील" अशी करायला लावणं क्रूरपणाचं आहे. घटस्फोटात वडील हयात असतात, त्यामुळे तिथे त्यांची संमती किंवा कोर्टाचा आदेश लागण्याची शक्यता धरून चला.

वकिलाची फी परवडत नसेल तर भंडाऱ्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. बायांना तिथे मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोनवर विचारायचं असेल तर 15100 लावा.