जादा किल्लीचा प्रश्न

लहानपणी ‘च’ची भाषा आपण बहुतेक सगळेच बोललो आहोत. तिची युक्ती कळली की ती कोणालाही समजते. संगणकावरील कूटलेखनाचे, म्हणजे एन्क्रिप्शनचे, तसे नाही. तेथे युक्ती जगजाहीर असली तरी चालते. गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली. ही किल्ली म्हणजे एक भली मोठी संख्या. बँकेचे व्यवहार आणि घरचे निरोप आज तिच्याच भरवशावर सुरक्षित असतात. पण मग गुन्हेगारांचे निरोपही सुरक्षित राहतात. म्हणून सरकारजवळ एक जादा किल्ली असावी का?

अमेरिकेने तसा प्रयत्न करून पाहिला आहे. १६ एप्रिल १९९३ रोजी व्हाइट हाउसने ‘क्लिपर’ नावाची चिप जाहीर केली. टेलिफोनवरील संभाषण ती कूटबद्ध करणार होती. मात्र प्रत्येक चिपच्या किल्लीचे दोन भाग दोन सरकारी खात्यांकडे राहणार होते. कायदेशीर परवानगी मिळाली की ते जोडून संभाषण ऐकायचे, अशी योजना होती. चिपमागचे गणित एनएसए या गुप्तचर संस्थेचे होते. संस्थेचे तेव्हाचे प्रमुख होते नौदलातील व्हाइस ॲडमिरल माइक मॅकॉनेल.

१९९४ साली बेल लॅब्जमधील संशोधक मॅट ब्लेझ यांनी या योजनेतील उणीव दाखवून दिली. सरकारला किल्ली शोधता यावी म्हणून संभाषणाबरोबर माहितीचा एक तुकडा जात असे. तो खरा की खोटा, हे १६ बिटांच्या पडताळणी-संख्येवरून ठरे. १६ बिटांच्या शक्यता किती? २ चा सोळावा घात, म्हणजे ६५,५३६. एवढे प्रयत्न संगणकाला जड नव्हते. खोटा तुकडा जोडून संभाषण गुप्त ठेवता येई आणि सरकारजवळची किल्ली निरुपयोगी ठरे! लोकांचा आणि उद्योगांचा विरोध तर होताच. काही वर्षांत योजना बारगळली.

पुढे स्मार्टफोन आले आणि वाद पुन्हा पेटला. कूटलेखनामुळे तपास अंधारात चाचपडतो आहे, असे एफबीआयचे तेव्हाचे प्रमुख जेम्स कोमी सांगू लागले. २८ जुलै २०१५ रोजी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये या भीतीला उत्तर देणारा लेख आला. लेखकांमध्ये खुद्द मॅकॉनेल होते! त्यांच्यासोबत होते माजी अंतर्गत सुरक्षामंत्री मायकेल चेर्टॉफ आणि माजी उपसंरक्षणमंत्री विल्यम लिन. त्यांचे म्हणणे असे, की जादा किल्ली बनवली की ती चोरणारेही येणार. इतर देशांची सरकारेही तशीच किल्ली मागणार. आणि सराईत गुन्हेगार दुसरीकडची साधने वापरणार. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या संस्थेचे माजी प्रमुख रॉबर्ट हॅनिगन यांनीही २०१७ साली कूटलेखन दुबळे करण्यास विरोध केला.

येथे आपण थोडे सावध असायला हवे. ही मंडळी बोलली ती पद सोडल्यावर. मॅकॉनेल आणि चेर्टॉफ तर नंतर सुरक्षाविषयक खाजगी व्यवसायात गेले. शिवाय तपास यंत्रणांची अडचण खोटी नाही. तेव्हा कोण बोलले यापेक्षा काय बोलले ते तपासणे बरे.

अशी तपासणी २०२४ साली घडून आली. १९९४ च्या एका कायद्यानुसार अमेरिकेतील टेलिफोन कंपन्यांना आपल्या यंत्रणेत पोलिसांसाठी संभाषण ऐकण्याची सोय ठेवावी लागते. चीनशी संबंधित घुसखोर या कंपन्यांच्या जाळ्यात शिरले. न्यायालयीन हुकमांनुसार मागवलेली काही माहितीही त्यांनी उचलली, असे सरकारनेच जाहीर केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेथील सायबरसुरक्षा संस्थेने उच्चपदस्थांना सल्ला दिला, की ज्यात किल्ल्या फक्त संवादाच्या दोन टोकांच्या उपकरणांत असतात, असेच कूटलेखन वापरा. हा सल्ला माजी नव्हे, पदावरच्या अधिकाऱ्यांचा होता.

किल्ली कोणाच्या हातात आहे हे गणिताला कळत नाही. पोलिसाच्या हातात ती जेवढी चालते, तेवढीच चोराच्या हातातही. वर्गात ही गोष्ट सांगताना आम्ही सुचवू, की निष्कर्ष आपण देऊ नये. मुलांचे दोन गट करावेत. एकाने तपास अधिकाऱ्याची बाजू मांडावी, दुसऱ्याने नागरिकाची. आणि मध्येच गटांची अदलाबदल करावी.