गुऱ्हाळात उसाचं चिपाड वाया का जात नाही?

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. हा गूळ बनतो गावोगावच्या छोट्या गुऱ्हाळांत. ऊस गाळला की रस काहिलीत जातो आणि मागे उरतं चिपाड. गुऱ्हाळवाल्यांसाठी तो कचरा नाही, चुलवाणाचं जळण आहे.

पण ताज्या चिपाडात जवळपास निम्मं पाणी असतं. तसंच जाळलं तर बरीच उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यातच जाते आणि धूरही वाढतो. म्हणून ते आधी उन्हात वाळवतात. अवकाळी पावसानं भिजलं, तर जळण विकत घ्यावं लागतं. अशा वेळी स्वस्त पडतं म्हणून प्लास्टिक किंवा टायर जाळले, तर विषारी धूर मजुरांच्या आणि गावाच्या छातीत जातो.

उष्णता धुराड्यातूनही वाया जाते. चुलवाण आणि धुराडं यांच्यामध्ये दुसरी काहील बसवली, तर त्याच उष्णतेवर पुढच्या आधणाचा रस तापतो. चिपाड कमी लागतं.

चुलवाणातली राख शेतात टाकता येते, तिच्यातून जमिनीला पालाश मिळतं. रसावरची मळीही खतात मुरवता येते. वाळलेलं चिपाड झाकून ठेवणं, हा मात्र सगळ्यांत स्वस्त उपाय.