पिशवीसोबत बीजकोशही?

गर्भाशय काढायचे ठरले की सगळे बोलणे गर्भाशयाभोवतीच फिरते. शेजारचे दोन निरोगी बीजकोश ठेवायचे की काढायचे, हा प्रश्न बहुधा संमतिपत्रातल्या एखाद्या ओळीत उरकतो. हे पुस्तक त्या ओळीपाशी थांबते. 

वाद जुना आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातले रॉबर्ट बॅटी १८७२ मध्ये पाळीच्या त्रासावर उपाय म्हणून बीजकोश काढू लागले. पुढे कारण बदलले. बीजकोशाचा कर्करोग उशिरा कळतो; मग पोट उघडलेच आहे तर तेही काढून टाकावेत, असा विचार रुळला. तो सरळ वाटतो, पण बीजकोशांचे काम पाळीपुरते नसते. त्यांतून येणारे इस्ट्रोजेन हाडे आणि रक्तवाहिन्या सांभाळते आणि पाळी गेल्यावरही बीजकोश अँड्रोजेन तयार करत राहतात. अमेरिकी परिचारिकांवरील दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. गर्भाशय काढलेल्या २९,३८० स्त्रियांपैकी ज्यांचे दोन्ही बीजकोशही काढले होते, त्यांच्यात स्तनाचा व बीजकोशाचा कर्करोग कमी आढळला. हृदयविकार आणि एकूण मृत्यू मात्र अधिक. अभ्यास निरीक्षणात्मक आहे, त्यामुळे कार्यकारणभाव जपून मांडावा लागतो. तरीही चाळिशीतल्या, आनुवंशिक धोका नसलेल्या स्त्रीचे निरोगी बीजकोश सवयीने काढू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

या कर्करोगांच्या आनुवंशिक धोक्याशी जोडलेल्या बीआरसीए जनुकात दोष असेल तर गणित उलटते. तिथे मुले झाल्यावर बीजकोश वेळेत काढणेच हिताचे. शिवाय बीजकोशाचे म्हटले जाणारे बरेच कर्करोग बीजवाहिनीच्या टोकाशी सुरू होतात, हे उमगल्यापासून आनुवंशिक धोका नसलेल्या स्त्रियांसाठी या नळ्या काढून बीजकोश राखण्याचा मधला मार्गही खुला झाला आहे.

महाराष्ट्रात हा विषय आणखी बोचरा आहे. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये ऐन तरुणपणी काढली गेल्याचे २०१९ मध्ये राज्यभर गाजले. त्या वयात बीजकोशही गेले, तर पाळी जाण्याचे परिणाम पंधरा-वीस वर्षे आधीच अंगावर येतात.

वाचणाऱ्यांपैकी कुणाची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर बीजकोश ठेवणार का, काढणार असाल तर कशासाठी, हे डॉक्टरांना आधी विचारा. नंतर डिस्चार्ज कार्ड आणि तपासणीचा अहवाल जपून ठेवा.