घोड्याची जोखीम कोणाची?

मराठ्यांच्या इतिहासात घोड्यांच्या टापा पानोपानी ऐकू येतात. पण घोडा मेला तर त्याची किंमत कोणी सोसायची, हा प्रश्न बखरकारांना फारसा पडलेला दिसत नाही. ज्याच्या मांडीखालचा घोडा पडला, त्याला मात्र तो खासच पडला असणार.

सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार, हे आपण शाळेत घोकलेले असते. या दोन शब्दांमागे रोकडा व्यवहार होता. ग्रँट डफने शिवकालाचे दर दिले आहेत, ते असे : बारगिराला दरमहा २ ते ५ होन, शिलेदाराला ६ ते १२. बारगिराच्या हाती कमी पडे, पण घोडा मेला तर तो सरकारचा मरे. शिलेदाराला पैसा अधिक, मानही अधिक. घोडा गेला की दोन्ही जाण्याची पाळी! विम्याचा हप्ता पगारातून कापू द्यायचा, की जोखीम आपल्याच शिरावर घ्यायची, अशीच ही निवड नव्हे काय?

महाराजांचा कल पागेकडे होता. सभासदाने सांगितलेली व्यवस्था पाहा : २५ बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. भरपाईच्या आधी पाणी आणि नाल! १६७३-७४ च्या सुमारास चिपळूणकडील छावणीच्या अंमलदारांना गेलेले पत्र रयतेच्या कळवळ्यासाठी आपण नेहमी आठवतो. त्यातला घोड्यांचा भाग मला तितकाच मोलाचा वाटतो. दाणावैरण आताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, अशी त्यात तंबी आहे. गवताजवळ विस्तव नको. रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, हेदेखील बजावले आहे. ज्याच्या हिशेबात उंदीरसुद्धा आहे, त्याला विम्याचे मर्म आणखी कोणी शिकवावे?

पुढे शिलेदार वाढले आणि गोष्ट बिघडली. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांच्या चाकरीत असलेल्या विल्यम टोन या आयरिश अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे की, घोडा पडला तर सरकार भरपाई देत नाही. घोड्याबरोबर चाकरीही जाते. म्हणून स्वार शत्रूवर तुटून पडायला कचरतो. परक्याचे मत म्हणून थोडी सूट देऊ या, पण त्यातले वर्म नाकारता येत नाही. ज्याची सारी पुंजी चार पायांवर उभी आहे, त्याने बेफाम दौड करावी कशी?

इंग्रजांनी शिलेदारी उचलली आणि तिला एक जोड दिली. १८१७ मध्ये पेशव्यांच्याच पैशावर उभे राहिलेले पूना हॉर्स हे अशाच जातीचे पथक. शिलेदारी रिसाल्यांत प्रत्येक स्वार दरमहा थोडी रक्कम ‘चंदा’ म्हणून जमा करी, आणि कोणाचा घोडा दगावला की त्या निधीतून त्याला दुसरा मिळे. एकाचे नुकसान सर्वांनी वाटून घेण्याची ही युक्ती १९१४ च्या महायुद्धापर्यंत चालली. त्या संहारापुढे मात्र ती टिकेना, आणि १९२१ च्या सुमारास शिलेदारी पद्धतच मोडीत निघाली.

रिसाले गेले, तरी घोड्यावर पोट असणारी माणसे उरलीच. आमच्या गोरेगावात १९७७ साली चित्रनगरी उभी राहिली. तिथे मावळे आणि मोगल एकाच टेम्पोतून उतरलेल्या घोड्यांवर बसतात. असाच एक घोडेवाला विम्याचा कागद घेऊन माझ्याकडे आला. तीन जनावरे, आणि पैसा बेताचा. आम्ही कलमे वाचू लागलो. अपघाताने वा रोगाने मृत्यू आला तर पैसे. पण पहिल्या १५ दिवसांतला रोग धरायचा नाही. (घोडा खोकू लागल्यावर विमा म्हणजे वरातीमागून घोडे, हे कंपनीलाही ठाऊक!) किंमत पशुवैद्याने ठरवायची, आणि ओळखीची खूण नसेल तर दावा नाही. अकबराच्या सैन्यात घोड्याला डाग देत, तो याच संशयापोटी!

“काका, पाय मोडला तर?” त्याने विचारले.

खरी मेख तीच होती. पाय मोडलेला घोडा मेलेला नसतो, पण कमावतही नाही. आणि खातो मात्र पूर्वीइतकेच. कायमच्या अपंगत्वासाठी वेगळा हप्ता होता. चित्रीकरणात दौडणाऱ्या दोघांसाठी तो भरावा, असे मी सांगितले, आणि त्याला ते पटले. तिसरी घोडी म्हातारी, वरातीपुरती. पशुवैद्याने तिची किंमत फारच कमी लावली होती.

“हिची जोखीम माझी,” असे म्हणून त्याने तिच्या तोंडाला तोबरा बांधला.